इन्सुलिन सुरू झालं म्हणून धावणं सोडायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २६. पाच महिन्यांपूर्वी टाइप १ मधुमेहाचं निदान झालं आणि तेव्हापासून दिवसाला चार इंजेक्शनं चालू आहेत. त्याआधी या ताई नियमित धावायच्या, अर्धमॅरेथॉनही पूर्ण केलेली आहे. आता धावायला गेल्या की कधी शुगर ६० वर येते आणि हातपाय थरथरतात, तर कधी घरी येऊन तपासावं तर २५०. घरचे म्हणतात, पुरे झालं आता, जिवाला जप. आयुष्यभर असंच जपून राहायचं का, की यातून काही मार्ग आहे?

मार्ग आहे, आणि तुमच्याआधी पुष्कळ जण त्या मार्गाने गेले आहेत. वसीम अक्रमला मधुमेहाचं निदान झालं १९९७ मध्ये. त्यानंतरही तो २००३ च्या विश्वचषकापर्यंत वेगवान गोलंदाजी करत राहिला आणि एकदिवसीय सामन्यांतला पाचशेवा बळी त्याने त्याच स्पर्धेत घेतला. अमेरिकेचा जलतरणपटू गॅरी हॉल ज्युनियर याला १९९९ मध्ये टाइप १ झाला. पुढच्या वर्षी सिडनीला आणि परत २००४ मध्ये अथेन्सला त्याने ५० मीटर फ्रीस्टाइलचं ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं. टेनिसपटू अलेक्झांडर झ्वेरेव्ह लहानपणापासून इन्सुलिनवर आहे. ही नावं मी एवढ्याचसाठी सांगते आहे, की पुढच्या वेळी कुणी ‘इन्सुलिनवाल्याने दमायचं नसतं’ असं म्हणालं तर तुमच्याकडे उत्तर असावं. तुम्हाला ऑलिंपिकला जायचं नाही, नीट धावायचं आहे. ते जमेल. त्यासाठी मुळात हे घडतं का, हे कळायला हवं. म्हणून आधी तेवढं सविस्तर सांगते.

मधुमेह नसलेला माणूस धावायला लागला की काही मिनिटांतच त्याचं स्वादुपिंड इन्सुलिन सोडणं कमी करतं. इन्सुलिन कमी झालं की यकृत आपला साठा मोकळा करून रक्तात ग्लुकोज सोडू लागतं. इकडे स्नायू आकुंचन पावत असताना इन्सुलिनची फारशी वाट न बघता ग्लुकोज ओढून घेऊ शकतात. जेवढं स्नायूंनी घेतलं, जवळपास तेवढंच यकृताने दिलं, म्हणून तासभर धावूनही त्याची शुगर फारशी हलत नाही. तुमच्या बाबतीत मधला दुवाच निसटलेला आहे: टाइप १ मध्ये स्वादुपिंड स्वतः पुरेसं इन्सुलिन बनवत नाही, ते बाहेरून टोचावं लागतं. टोचलेलं इन्सुलिन म्हणजे सुटलेला बाण, तो परत घेता येत नाही. तुम्ही धावायला लागलात तरी कातडीखालचं इन्सुलिन रक्तात येतच राहतं. उलट रक्तप्रवाह वाढल्याने आणि अंग तापल्याने ते जास्त वेगाने येतं. त्या इन्सुलिनमुळे यकृताला ग्लुकोज सोडता येत नाही आणि स्नायू तर ओढतच असतात. मग शुगर घसरते.

ही गोष्ट नवीन नाही. लंडनचे डॉक्टर आर. डी. लॉरेन्स यांनी १९२६ मध्येच लिहून ठेवलं होतं की व्यायामाने इन्सुलिनचा परिणाम वाढतो. लॉरेन्स स्वतः १९२३ पासून इन्सुलिनवर होते, त्यामुळे ते स्वतःच्या अंगावरचंच लिहीत होते.

आता उलटी बाजू. अंगात इन्सुलिन फारच कमी असेल आणि तुम्ही धावलात, तर यकृताला अडवणारं कुणीच नसतं. ते ग्लुकोज सोडत राहतं आणि शुगर चढते. म्हणजे तोच रस्ता, तेच पाऊण तास, तोच वेग, आणि एक दिवस ६० तर दुसऱ्या दिवशी २५०. फरक पडतो तो निघताना अंगात किती इन्सुलिन काम करत होतं याचा. माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा हाच आहे: मीटरवरचा आकडा म्हणजे अर्धी माहिती. उरलेली अर्धी म्हणजे शेवटचा डोस कधी घेतला, किती घेतला आणि त्यातला किती अजून शिल्लक आहे. धावणं असो, जेवण असो, झोप असो की ताप, हा हिशोब मनात चालू राहिला की बहुतेक आकड्यांचा अर्थ लागायला लागतो.

चार इंजेक्शनं म्हणजे बहुधा जेवणाआधीची जलद इन्सुलिनची तीन आणि दिवसभर पुरणाऱ्या बेसलचं एक. जलद इन्सुलिन (लिस्प्रो, अ‍ॅस्पार्ट, ग्लुलिसिन यांपैकी एखादं) टोचल्यावर १० ते १५ मिनिटांत काम सुरू करतं, एक ते दोन तासांच्या दरम्यान त्याचा जोर सर्वांत जास्त असतो आणि तीन ते पाच तास ते अंगात राहतं. जुनं साधं रेग्युलर इन्सुलिन असेल तर ते उशिरा सुरू होतं आणि सहा ते आठ तास रेंगाळतं. तुमच्या पेनवरचं नाव एकदा नीट वाचा, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावर अवलंबून आहे.

एक उदाहरण आकड्यांनिशी करू. शुगरचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. समजा तुमचा दिवसाचा एकूण डोस ३० युनिट आहे. डॉक्टरांच्या ठोकताळ्याप्रमाणे ५०० ला ३० ने भागलं की साधारण १६-१७ येतात. म्हणजे एक युनिट १६-१७ ग्रॅम कर्बोदकांना पुरतो. तशाच दुसऱ्या ठोकताळ्याने १८०० ला ३० ने भागलं की ६०, म्हणजे एक युनिट शुगर साधारण ६० ने खाली आणतो. हे सुरुवातीचे अंदाज आहेत, तुमचे खरे आकडे नोंदींवरून ठरतील. आता तुम्ही साडेचारला ५० ग्रॅम कर्बोदकांचं काहीतरी खाल्लंत, त्यासाठी नेहमीचे ३ युनिट घेतलेत आणि सहाला धावायला निघालात. मीटर दाखवतो १६०. आकडा चांगला आहे, पण त्या तीनपैकी निम्म्याहून जास्त इन्सुलिन अजून अंगात आहे आणि नेमकं ऐन जोरात आहे. पोटातलं अन्न बरंचसं पचून गेलंय. वर धावण्याने इन्सुलिनची ताकद वाढणार. सव्वासहाच्या सुमारास पाय जड होतात, साडेसहाला ६०. हा झाला तुमचा पहिला प्रकार. या अनुभवाची धास्ती घेऊन पुढच्या वेळी माणूस तेच खातो, डोस मात्र घेतच नाही. ५० ग्रॅम कर्बोदकं रक्तात येतात, त्यांना आवरायला काही नाही, आणि घरी आल्यावर २५०. हा दुसरा. तुमच्या पत्रातले दोन्ही आकडे बहुधा असेच आले असावेत.

मधला रस्ता म्हणजे डोस कमी करणं. धावण्याआधीच्या खाण्याचा डोस २५ ते ७५ टक्क्यांपर्यंत कमी करतात. हलकं आणि थोडा वेळ असेल तर थोडा, लांब आणि दमवणारं असेल तर जास्त. वरच्या उदाहरणात तीनऐवजी दीड युनिट. अर्ध्या युनिटचे टप्पे असलेली पेनं मिळतात, आणि ज्यांचा डोस लहान आहे त्यांनी ती मागून घ्यावीत असं माझं स्पष्ट मत आहे. एक युनिट म्हणजे ६० चा फरक, तिथे अर्धा युनिट ही किरकोळ गोष्ट नव्हे.

याहून सोपा उपाय म्हणजे वेळ बदलणं. सकाळी उठून, काही न खाता, जलद इन्सुलिन न घेता धावलात तर अंगात फक्त बेसल असतं. अशा वेळी शुगर सहसा फारशी पडत नाही. पहाटेच्या संप्रेरकांमुळे थोडी चढतेसुद्धा. निदान नवीन असताना मी बहुतेकांना हीच वेळ सुचवते. दोन जेवणांच्या मध्ये, आधीचा डोस चार तास मागे पडल्यावर धावलात तरी जवळपास तसंच. आणि अचानक ठरलं, डोस आधीच घेऊन झालाय, तर बाहेरून भरपाई करावी लागते. निघण्याआधी आणि मधे मधे ग्लुकोज घ्यायचं. याला ‘गोड खाण्याची सूट’ समजू नका, इन्सुलिनचा डोस जसा मोजून घेता तसंच हेही मोजून घ्यायचं.

निघताना शुगर १२६ ते १८० असली तर उत्तम. ९० ते १२५ असेल तर १० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज घेऊन निघा. ९० च्या खाली असेल तर १० ते २० ग्रॅम घ्या आणि शुगर ९० च्या वर गेल्याशिवाय निघू नका. २७० च्या वर असेल आणि नुकतंच जेवण झालेलं नसेल तर किटोन तपासा (इन्सुलिन अपुरं पडलं की शरीर चरबी जाळतं, तेव्हा बनणारे आम्लधर्मी पदार्थ). रक्तातले किटोन ०.६ मिलिमोल प्रति लिटरच्या आत असतील तर बेताचा व्यायाम चालतो. १.५ किंवा जास्त असतील तर व्यायाम अजिबात नको, कारण तेव्हा अंगात इन्सुलिनच अपुरं असतं आणि धावून किटोन आणखी वाढतात. या दोन्हींच्या मध्ये असतील तर आधी शुगर आणि किटोन खाली आणा, धावणं दुसऱ्या दिवशी. सेन्सर (कातडीवर लावायचं, शुगर सतत दाखवणारं छोटं यंत्र) लावला असेल तर आकड्याइतकाच, शुगर कुठे चालली आहे हे दाखवणारा बाण बघा. १५० आणि सपाट बाण म्हणजे निघा. १५० आणि खाली जाणारा बाण म्हणजे थांबा, काही खा, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. सेन्सर रक्तातली शुगर थेट मोजत नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली मोजतो, म्हणून तो ५ ते १५ मिनिटं मागे असतो. धावताना शुगर झपाट्याने बदलते तेव्हा ही पिछाडी जास्त जाणवते. अंग एक सांगतंय आणि सेन्सर दुसरं, असं वाटलं की बोटातून रक्त काढून मीटरवर बघा.

सगळेच व्यायाम शुगर उतरवत नाहीत, हे अनेकांना कुणी सांगतच नाही. शंभर-दोनशे मीटरची जीव तोडून धाव, जड वजनं उचलणं, चुरशीचा सामना, यांत अ‍ॅड्रेनलिन उसळतं आणि यकृत भराभर ग्लुकोज सोडतं. शुगर तासाभरासाठी वर जाते. ती बघून लगेच पूर्ण सुधारणेचा डोस (चढलेली शुगर उतरवायला घेतात तो) टोचायचा मोह होतो. आवरा. अर्धा तास तरी थांबा, आणि घ्यायचाच झाला तर निम्मा घ्या, कारण पुढच्या काही तासांत ती आपोआप उतरायला लागते. या गुणाचा उपयोगही होतो. वजनं आणि धावणं एकाच दिवशी असेल तर आधी वजनं, मग धावणं, म्हणजे घसरण कमी होते. धावता धावता शुगर खाली सरकते आहे असं दिसलं तर दहा सेकंदांची एक पूर्ण जोराची धाव तिला थोडा वेळ सावरून धरते. हा तात्पुरता टेकू आहे, ग्लुकोजऐवजी नव्हे.

खरी काळजी घ्यायची ती रात्रीची. धावण्यात रिकामे झालेले स्नायू पुढचे कित्येक तास ग्लुकोज भरून घेत असतात आणि इन्सुलिनला जास्त दाद देतात. हा परिणाम २४ तासांपर्यंत टिकू शकतो, आणि सहा ते बारा तासांनी घसरणीची शक्यता बरीच असते. संध्याकाळी सहाला धावलात तर हिशोब करा, रात्री दोन-तीन. फुटबॉल खेळणारा एक कॉलेजचा मुलगा माझ्याकडे यायचा. त्याची तक्रार शुगरची नव्हतीच. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं जड, कपडे घामाने भिजलेले आणि शुगर २०० च्या वर, म्हणून तो बेसल वाढवत चालला होता. सेन्सर लावून बघितलं तर रात्री अडीचला ४८. सकाळची २०० ही त्यानंतर शरीराने आणि अर्धवट झोपेत खाल्लेल्या गोडाने आणलेली. बेसल वाढवल्यामुळे तो दर आठवड्याला खोल खड्ड्यात जात होता. सामन्याच्या रात्री बेसल २० टक्के कमी केलं, झोपताना थोडं खायला सांगितलं, सेन्सरचा खालचा अलार्म ८० ला लावला, आणि तक्रार गेली. इथे एक बारकावा आहे. डेग्लुडेक हे बेसल ४२ तासांहून जास्त काम करतं, त्यामुळे त्याचा आजचा डोस कमी करून आजच्या रात्रीत फारसा फरक पडत नाही. तुमचं तेच असेल तर रात्रीच्या जेवणाचा जलद डोस थोडा कमी करणं आणि झोपण्यापूर्वी इन्सुलिनशिवाय थोडं खाणं, हाच उपाय.

शुगर ७० च्या खाली गेली की उपाय लगेच करायचा, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे गोळ्या, साखरेचं पाणी किंवा फळाचा रस, आणि १५ मिनिटांनी परत तपासणी. चॉकलेट किंवा बिस्किटं नकोत. त्यांतल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा रक्तात पोचते आणि तोवर माणूस घाबरून आणखी चार गोष्टी खातो. धावताना एक वेगळीच पंचाईत असते: घाम, धडधड, थकवा ही लो शुगरची लक्षणं आणि धावण्याची लक्षणं सारखीच. म्हणून ‘कळेल मला’ यावर विसंबू नका. पहिल्या काही आठवड्यांत दर वीस-तीस मिनिटांनी आकडा बघायचाच. ग्लुकोज खिशात किंवा कमरेच्या पाकिटात ठेवा, गाडीत किंवा मैदानाच्या कडेला ठेवलेल्या पिशवीत नव्हे. गंभीर लो होऊन दुसऱ्याची मदत घ्यावी लागली असेल तर पुढचे २४ तास व्यायाम नाही. त्या काळात शरीराची धोक्याची घंटा बोथट झालेली असते आणि दुसरी लो न सांगता येते. वारंवार लो होत राहिली तर लक्षणं जाणवेनाशीच होतात. काही आठवडे कटाक्षाने लो टाळली की ती बऱ्याच जणांत परत जाणवू लागतात.

आता तुमच्या बाबतीतली एक खास गोष्ट. निदान होऊन पाच महिने झालेत, म्हणजे तुम्ही बहुधा ‘हनिमून’ म्हणतात त्या टप्प्यात आहात. इन्सुलिन सुरू झाल्यावर स्वादुपिंडातल्या उरलेल्या बीटा पेशींना, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना, विश्रांती मिळते आणि त्या काही काळ थोडंफार इन्सुलिन बनवू लागतात. डोस घटतो, आकडे सुधारतात, आणि नेमकं याच वेळी कुणीतरी म्हणतं, ‘बघ, उतरला मधुमेह, बंद कर इंजेक्शन.’ मी हात जोडून सांगते, बंद करू नका. कुठलाही काढा, चूर्ण, आहार, आसन किंवा उपवास टाइप १ मध्ये इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाही. इन्सुलिन बंद केल्यामुळे अतिदक्षता विभागात पोचलेली तरुण मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या घरी सल्ला देणारं माणूस प्रेमाचंच होतं. काही महिन्यांनी हा टप्पा ओसरेल आणि डोस वाढेल. तेव्हा आपलं काही चुकलं असं समजू नका, तो आजाराचा स्वभावच आहे. धावण्याचे हिशोब मात्र तेव्हा नव्याने मांडावे लागतील.

खाण्याबद्दल थोडक्यात. इन्सुलिन येण्याआधी या आजारावर एकच ‘उपचार’ होता, उपासमार. मुलं हाडांचे सापळे होऊन आणखी वर्ष-दोन वर्षं जगत. ११ जानेवारी १९२२ ला टोरांटोमध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं आणि ते युग संपलं. तरीही ‘हे खाऊ नको, ते खाऊ नको’ ची भीती अजून लोकांच्या मनात त्या काळाइतकीच आहे. तुम्हाला अन्न मोजायला शिकायचं आहे, टाळायला नव्हे. ताटात किती ग्रॅम कर्बोदकं आहेत याचा अंदाज बांधता आला की त्याप्रमाणे डोस घेता येतो. सुरुवातीला स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा, दोनेक महिन्यांत नजर बसते. जलद इन्सुलिन जेवणाच्या १० ते २० मिनिटं आधी घेतलं तर जेवणानंतरची उसळी पुष्कळ कमी होते. मला विचाराल तर ही एकच सवय अनेकांच्या डोसवाढीपेक्षा जास्त काम करते. आणि धावणाऱ्याने कर्बोदकं अगदी तोडून टाकू नयेत, कारण यकृताचा साठा रिकामा असेल तर लो झाल्यावर सावरायलाही काही उरत नाही.

इंजेक्शनच्या जागेकडे डॉक्टरही पुरेसं लक्ष देत नाहीत, म्हणून जरा थांबून सांगते. आंघोळीच्या वेळी साबण लावलेल्या बोटांनी बेंबीभोवतीची कातडी हळू दाबत जा. कुठे मऊ रबरासारखी, थोडी उंचवट्याची गाठ लागली तर तिथे वारंवार टोचल्यामुळे चरबी साठली आहे. तिथे टोचलेलं दुखत नाही, म्हणून हात आपसूक तिथेच जातो, पण तिथलं इन्सुलिन एक दिवस तासाभरात येतं आणि एक दिवस चार तासांनी. असे बेभरवशी आकडे असलेल्या माणसाची मी आधी कातडी तपासते, मग वही. गाठीची जागा सोडून चांगल्या जागी टोचायला लागलात की तोच डोस जास्त लागू पडतो, म्हणून तो आधी विचारून कमी करा. दर वेळी आधीच्या जागेपासून बोटभर अंतर, चार मिलिमीटरची सुई, आणि सुई नवी. धावण्याआधी मांडीत टोचू नका. बंद पेनं २ ते ८ अंशांत ठेवा, बर्फाच्या कप्प्यात कधीही नको. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फुकट जातं. वापरातलं पेन बहुतेक प्रकारांत चार आठवडे बाहेर चालतं, पण उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ते काही तासांतही खराब होऊ शकतं.

आजारपणात एकच नियम पक्का ठेवा: खाल्लं नाही तरी बेसल बंद करायचं नाही. ताप आला की इन्सुलिनची गरज बहुधा वाढते. दर तीन-चार तासांनी शुगर आणि किटोन बघा, पाणी पीत राहा. उलट्या थांबत नसतील किंवा रक्तातले किटोन ३ वर गेले असतील तर घरी थांबू नका, रुग्णालय गाठा. असे दिवस धावण्याचे नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

इतका खटाटोप कशासाठी, असं कधी वाटलं तर अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात टाइप १ च्या १४४१ जणांवर झालेला अभ्यास आठवा. ज्यांनी शुगर काटेकोर सांभाळली त्यांच्यात डोळ्यांच्या विकाराची सुरुवात होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला, मज्जातंतूंचा ६० टक्क्यांनी, मूत्रपिंडाचा ५० टक्क्यांनी. त्या काळी याची किंमत होती, गंभीर लो सुमारे तिप्पट झाल्या. आजची इन्सुलिनं आणि सेन्सर यांमुळे ती किंमत बरीच उतरली आहे. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) ७ टक्क्यांच्या आत हे बहुतेकांचं ध्येय. सेन्सर असेल तर दिवसाचा ७० टक्के वेळ शुगर ७० ते १८० मध्ये, आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी. ७० टक्के म्हणजे १७ तास. उरलेले तास वर-खाली जाणारच, त्यासाठी स्वतःला दोष देऊ नका.

घरच्यांबद्दल. ‘२२० कशी झाली, काय खाल्लंस?’ हा प्रश्न रोज ऐकून माणूस तपासणीच टाळायला लागतो, हे मी वारंवार बघते. त्यांच्या काळजीला एक काम द्या. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, ग्लुकागॉन (शुगर वर आणणारं तातडीचं औषध) कसं द्यायचं आणि कुणाला फोन करायचा, हे त्यांना एकदा प्रत्यक्ष करून दाखवा. हातात उपाय आला की भीती पुष्कळ उतरते. धावताना सोबत असणाऱ्या एखाद्याला तरी हे माहीत हवं, आणि तुम्ही इन्सुलिनवर आहात हे लिहिलेला पट्टा मनगटावर हवा.

बाकी काही गोष्टी झटपट. पाळीच्या आधीचे काही दिवस अनेकींची शुगर वर राहते आणि पाळी सुरू झाली की झपकन उतरते. दोन-तीन महिने नोंद ठेवलीत तर तुमचा नमुना सापडेल. मद्य घेत असाल तर लक्षात ठेवा, यकृत ते निस्तरण्यात गुंतलं की ग्लुकोज बनवत नाही. धावण्याच्या दिवशी मद्य म्हणजे रात्रीच्या लोला दुप्पट निमंत्रण. गाडी चालवण्याआधी शुगर ९० च्या वर आहे याची खात्री करा. डोळे, लघवीतलं अल्ब्युमिन आणि पाय यांची तपासणी निदानानंतर पाचव्या वर्षापासून दर वर्षी, थायरॉइड मात्र आत्ताच. आणि कधी गर्भधारणेचा विचार असेल तर काही महिने आधी डॉक्टरांना सांगा, कारण तेव्हा शुगर आधीपासून जास्त काटेकोर हवी असते.

आता सुरुवात कशी करायची? दोन आठवडे एकाच वेळी, एकाच अंतराचं धावा, शक्यतो सकाळी. प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहा: शेवटचा जलद डोस कधी आणि किती, निघतानाची शुगर, परत आल्यावरची, आणि रात्री तीनची (सेन्सर नसेल तर या दोन आठवड्यांत दोन-तीन रात्री गजर लावून). ही वही घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि तीन गोष्टी ठरवून घ्या: तुमचं कर्बोदकांचं प्रमाण, धावण्याआधीचा डोस किती टक्के कमी करायचा, आणि धावलेल्या रात्री बेसलचं काय करायचं. हे बसलं की अंतर वाढवा. तासाच्या वर धावायला लागलात की तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतील, ती वीस-वीस मिनिटांनी थोडी थोडी घ्या, पोटाची सवयही सरावातच करा. पुन्हा अर्धमॅरेथॉनला उभ्या राहाल तेव्हा आदल्या दिवशी लो होऊ देऊ नका. आणि सुरुवातीच्या रेषेवर शुगर २०० च्या वर दिसली तर दचकू नका, ते स्पर्धेचं अ‍ॅड्रेनलिन असतं. तिथे सुधारणेचा डोस घेऊ नका, पहिल्या पाच किलोमीटरनंतर पुन्हा बघा आणि मग ठरवा.